हिशोबात न धरलेले पाहुणे

दीक्षाने जबलपूरच्या मदन महल स्टेशनजवळ खोली घेतली ती ऑटोचे पैसे वाचवायला. तिचं चुकलं ते नेमकं इथेच, पण हे कळायला तिला पंधरा दिवस लागले.

आई-बाबांच्या अधारतालच्या घरात खोल्या दोन आणि तिला धरून माणसं सात. आई-बाबा, भाऊ ललित, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. सगळ्यांची जेवणं उरकून ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरात दीक्षाची गादी पडायची. भांडण कुणाशीच नव्हतं. स्वतःच्या दाराला स्वतःच्या हाताने कडी लावावी, एवढीच तिची हौस होती. शिवाय ती जिथे काम करायची ती पॅथॉलॉजी लॅब मदन महलच्या बाजूलाच होती.

बाबा, म्हणजे दयाराम, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना हे पटेना.

“काहून वं? घर काय खायला उठलं का तुले?”

आठवडाभर धुसफुस चालली. शेवटी त्यांनी अट घातली. “चलो, जा. पण एक महिना घरून एक पैसा न घेता राहून दाखव. नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं.”

दीक्षाने मान डोलावली. एकदा परत आलं की पुन्हा सुटका नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सामान निघालं त्या दिवशी तिने रोजच्यासारखं “येते बाबा” म्हटलं. रोज पेपरामागून “ये” यायचं. त्या दिवशी आलं नाही, आणि ते तिला लागलं.

हिशोब मात्र तिने फोनवर झकास मांडला होता. अठरा हजार पगार, त्यातलं साडेपाच हजार भाडं. वीज, दूध, किराणा, छोटा सिलेंडर, आईच्या हातावर ठेवायचे तीन हजार. लॅबला चालत जायचं, म्हणून ऑटोचा खर्च शून्य. उन्हाळ्यातल्या कूलरसाठी दोन हजार बाजूला. सगळं होतं, पाहुणे तेवढे नव्हते. घरी पाहुणा आला की आई वरणात पाणी आणि कणकेत पीठ वाढवायची. त्याचे पैसे कुणी वेगळे मोजलेले दीक्षाने कधी पाहिलेच नव्हते.

आता बालाघाट, गोंदियाकडचे तिचे नातेवाईक असे, की जबलपूरला काम निघालं तर हॉटेल हा शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही. आजवर ते ऑटोवाल्याशी घासाघीस करत अधारतालला जायचे. आता स्टेशनपासून पाच मिनिटांवर हक्काची पोरगी राहायला आली होती. आईनेच कौतुकाने फोन करकरून ही बातमी गावोगाव पोचवली होती.

आधी बापूमामा आले. सकाळच्या गाडीने उतरून दारात उभे. “जय भीम, भाची! कोर्टाचं एक काम आहे, आजच्या आज निघतो.” काम तीन दिवस चाललं. मग आत्या आली, लेकीला भेडाघाटचा धबधबा दाखवायला, आणि चार दिवसांनी अधारतालला गेली. रिकाम्या हाताने कुणी आलं नाही हे खरं, पण आत्याच्या लिंबाच्या लोणच्यावर काही वरण शिजत नाही. तरी माणसं आली की दीक्षाला बरंच वाटायचं. आपल्या घरी पाहुणे, या गोष्टीचा तिला मनातून भारी अभिमान होता.

शेवटच्या आठवड्यात किराण्याचे पैसे संपले. गॅसही मिणमिणायला लागला. घरी एक फोन केला असता तर आईने गुपचूप पैसे पाठवले असते. पण मग अट मोडली असती.

त्याच संध्याकाळी दारात बाबा उभे.

“तुझ्या आत्याला गाडीत बसवलं. म्हटलं, तू कशी राहून राहिली ते पाहावं.”

“या ना बाबा,” म्हटल्यावरच ते आत आले. एकुलत्या एका खुर्चीच्या कडेवर टेकले. समोरच ओटा होता. दीक्षाने चहा ठेवला, दूध घातलं, आणि गॅस गेला. तिने बटण फिरवून पाहिलं. बाबांनीही पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला, तशी दीक्षा घाईने “आलेच बाबा” म्हणाली. ती पातेलं उचलून तरातरा खाली घरमालकिणीकडे गेली.

“अरे बेटा, हमारे चूल्हे पर चढ़ा दो,” मीरा आंटी म्हणाल्या.

चहा घेऊन ती वर आली तेव्हा बाबांच्या हातात पैसे नव्हते, रुमाल होता.

“सिलेंडर?”

“उद्या भरून आणते. कूलरचे पैसे आहेत न.”

“अन् उन्हाळ्यात?”

“पंखा आहे. कूलर राहू दे. पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांचे पैसे धरून चालते.”

बाबा चहा प्यायले. मग मिशा पुसत हसले. “मी बी इथं बिऱ्हाड केलं तेव्हा पहिल्या महिन्यात पाहुणे धरले नव्हते. तुझ्या आईनं पैंजण मोडले होते.”

हे दीक्षाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं.

बाबांनी चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरले आणि वळून थांबले.

“येतो, दीक्षा.”

दीक्षा दारात आली. बाबा तसेच उभे होते, तिच्या उत्तराची वाट बघत.

“या बाबा,” ती म्हणाली. “रविवारी आईलाही घेऊन या.”