फळ्यावरचं अक्षर

परवा सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लिहिताना ओल्या फडक्याचा आणि खडूचा वास नाकात गेला, आणि मी पंचाहत्तर सालच्या जालन्यात, आमच्या कॉलेजच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या कॉलेजशी बास्केटबॉलचा सामना होता. सामन्याचं भाकीत फळ्यावर लिहायचा मान माझा. रंगीत खडूंनी मी औरंगाबादकरांची यथेच्छ टवाळी केली आणि खाली आमच्या पाच जणांची नावं लिहिली. पहिलं नाव किसनचं. धावड्याच्या बौद्ध वस्तीतला हा पोरगा. लांबून टाकलेला त्याचा चेंडू रिंगला न शिवता जाळीत उतरायचा.

तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेले आमचे सर आले.

"किसनला एक्स्ट्रात टाक. सामना झाल्यावर दोन्हीकडचे खेळणारे पाच-पाच जण आपल्या कॅप्टनच्या घरी जेवणार हायेत. पाटलाची पंगत हाय ती. मंग उगा लफडं कशाला?"

या माणसाची सगळी मर्दुमकी त्या शिट्टीत. माझ्याकडे तर शिट्टीही नव्हती. मी ओल्या फडक्यानं किसनचं नाव पुसलं आणि सगळ्यात खाली, 'एक्स्ट्रा'च्या पुढं, निळ्या खडूनं वळणदार अक्षरात पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी किसन फळ्यासमोर बराच वेळ उभा होता.

"तू लिहिलं का हे?"

"सरांनी सांगितल्तं."

"अक्षर बाकी झकास हाय तुझं," तो म्हणाला आणि हॉस्टेलकडं निघून गेला.

परवा आमचे सेक्रेटरीही नोटीस वाचून तेच म्हणाले. आणि मी, लाज कशाशी खातात हे ठाऊकच नसल्यासारखं, हसून थँक्यू म्हटलं.