चातुर्मासातली बॅटरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. ज्या साध्वीजींसमोर बसून वर्षानुवर्षं बारीकसारीक दोष कबूल केले — मुंगी पायाखाली आली, मोलकरणीवर आवाज चढला — त्यांनाही नाही. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

गोष्ट मोटारीच्या बॅटरीची आहे. हसू नका.

माझं सासर नवीन जालन्यातलं, कापसाच्या व्यापारातलं, पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. पोलिस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एक काळी मोटार होती, आणि ती वर्षातले चार महिने बंद असायची. सासऱ्यांचं व्रत होतं — चातुर्मासात वाहनात बसायचं नाही. पावसाळ्यात रस्त्यावर जीवजंतू फार, चाकाखाली येतात. म्हणून आषाढात मोटार पत्र्याच्या शेडमध्ये जायची ती दिवाळीनंतर बाहेर यायची. नुसतं इंजिनसुद्धा चालू करायचं नाही, असा त्यांचा हुकूम. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून ड्रायव्हर कादरभाई ती काढून शेडमागच्या खोलीत लाकडी फळीवर ठेवत. वरची धूळ पुसत, आत पाणी भरत, आणि महिन्यातून एकदा आमच्या जिनिंग कारखान्यातल्या डायनामोवर चार्ज करून आणत. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, या घरात सुनांपेक्षा बॅटरीचे लाड जास्त.

आणि मला होता रेडिओचा नाद. आमच्या गल्लीत तेव्हा वीज नव्हती. माहेरहून आणलेल्या माझ्या रेडिओची बॅटरी संपली, तर सासरे म्हणाले, आता चातुर्मास झाल्यावर बघू. चार महिने? मला दोन दिवस निघेनात. माझं माहेर घनसावंगीचं. तिथं माझा भाऊ मालमोटारीच्या बॅटरीला तारा जोडून रेडिओ लावायचा, ते मी बघून बघून शिकले होते. सकाळी घरचे सगळे जैन स्थानकात साधू-साध्वींच्या व्याख्यानाला जात, कादरभाई बाजाराला. धाकटी सून म्हणून घर राखायला मी. एके दिवशी रेडिओ चादरीत गुंडाळला आणि त्या खोलीत शिरले. एकच गाणं, म्हटलं. एका गाण्यानं काय होतंय?

मग रोज जाऊ लागले. खोटं कशाला बोलू — फार सुख वाटायचं. खोलीत ॲसिडचा वास, बसायला रिकामं पोतं, आणि मी डोळे मिटून सासर विसरलेली.

एक दिवस आवाज बारीक होत होत विझला. मला कळलं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? कादरभाईंना नुसतं म्हटलं असतं, जरा बॅटरी चार्ज करून आणा, तर त्यांनी का म्हणून विचारलंही नसतं. पण धाकट्या बहूजी या खोलीत कशाला येतात, हे त्यांच्या मनात आलं असतं — असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. तारा सोडल्या, फडकं फिरवलं आणि गप्प बसले. महिना भरला की ते नेतीलच.

महिना भरला नाही. त्याआधीच जाऊबाईंना कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आत. डॉक्टर म्हणाले, औरंगाबादला हलवा, इथं माझ्या हातात नाही. सासऱ्यांनी क्षणभरही व्रताचा विचार केला नाही — गाडी काढा, म्हणाले. कादरभाईंनी धावत जाऊन बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. कट्. पुन्हा कट्. मी ओसरीत उभी. साऱ्या घरात मला एकटीला ठाऊक होतं, गाडी का सुरू होत नाही ते. तेव्हा तरी ओरडायचं होतं, की थांबा, जिनिंगचा ट्रक मागवा. ओरडले का?

कादरभाईंनी इंजिन हातानं फिरवायचं हँडल काढलं. आत जाऊबाई किंचाळत होत्या, बाहेर यांची घाई झालेली, गार पडलेलं इंजिन. दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा हँडल उलटं आलं. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. इतका लहान असतो?

शेवटी ट्रकच आला. जाऊबाई वाचल्या, मुलगा झाला, पेढे वाटले. कादरभाईंचं उजवं मनगट हाडवैद्यानं बांधलं, ते वाकडंच बसलं. स्टिअरिंग धरवेना. सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून विचारलं, खोलीत कुणी गेलं होतं का? मी नाही म्हणून मान हलवली. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण सासरे दयाळू, त्यांनी कादरभाईंना काढलं नाही, फाटकावर राखण करायला बसवलं. गावात सासऱ्यांचं नाव झालं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, घाबरली. थांबा. एवढं तर मी मनाशी कधीच कबूल केलंय.

पुढं संवत्सरी आली. त्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांची हात जोडून क्षमा मागतात — जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर. नोकरमाणसांचीही. मला बरंच वाटलं होतं. त्या ओघात कादरभाईंपुढंही हात जोडून टाकायचे, कशाबद्दल ते सांगायची गरजच नाही. पण मी फाटकाकडे निघायच्या आत तेच ओसरीपाशी आले. एक हात झोळीत, दुसरा छातीवर.

"छोट्या बहूजी, आज तुमच्यात माफीचा दिवस हाय ना? मंग मला बी करा. बॅटरीत पाणी टाकायचं राहून गेल्तं बहुतेक. म्या लई याद करून राह्यलो, पण याद येत न्हाई. मोठ्या बहूजींच्या जिवावर बेतल्तं माझ्यापायी."

या माणसानं पाणी टाकलं होतं. मी पाहिलं होतं. आणि रात्र रात्र आठवून आठवून, न केलेली चूक त्यानं स्वतःच्या अंगाला लावून घेतली होती. ओसरीत दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

माझ्या तोंडून काय निघालं, ऐका. "झालं ते झालं, कादरभाई. माझ्या मनात काही नाही." मोठ्या मनानं म्हणाले. घरच्या मालकिणीसारखं. आणि त्यांचा चेहरा हलका झाला हो. दुवा देत गेले.

हात मोडला त्याला अपघात म्हणता येईल. याला काय म्हणायचं? आपल्या तोंडून असं काही निघू शकतं, याचा धक्का मला त्या दिवशी बसला तो आजही ओसरलेला नाही. नवा ड्रायव्हर आला त्याला ते आपला हात दाखवून सांगत — बॅटरीकडं ध्यान ठेव बाबा, म्या ठेवलं न्हाई. मी वरून ऐकत असे. दर संवत्सरीला ते येत. दरवर्षी मी तेच म्हणे, आणि दरवर्षी ते जरा अधिक सहज जमे.

एका वर्षी आले नाहीत. खाटेला खिळले होते. सासऱ्यांनी मला आणि नवऱ्याला त्यांच्या घरी पाठवलं, जुन्या जालन्यात. नवरा बाहेर त्यांच्या मुलाशी बोलत राहिला, आत आम्ही दोघंच. बोलवत नव्हतं त्यांना. तो वाकडा हात तेवढा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि कसंबसं म्हणाले, "बॅटरी..."

मी जवळ बसले. हात हातात घेतला.

"माफ केलं, कादरभाई," मी म्हणाले.