चित्रातला हार

चित्राच्या एखाद्या भागावर सर आपला तळहात ठेवत आणि विचारत, "आता काय गेलं?"

उत्तर येईपर्यंत हात तिथंच. मेंदी लावलेली दाढी, बारीक अंगकाठी, नजर आमच्यावर. नांदेडच्या कॉलेजात ते आम्हाला चित्रकला शिकवत, पण चित्राचा अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही. कुणी घाईनं "सर, यात विरह आहे" म्हटलं की ते चष्मा पुसायला लागत. "विरह कुठं काढलाय? मला बाई दिसून राहिली, खिडकी दिसून राहिली. आधी तेवढं बघ बेटा. अर्थ कुठं पळून जात न्हाई."

असे सर मला भेटले, हे आमच्या घराकडं बघून कुणाला खरं वाटलं नसतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. माय डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. उन्हाळ्यात टँकर आला नाही की मी घागरी घेऊन रांगेत, शाळा बुडाली तर बुडाली. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि हार घातलेला आजोबांचा फोटो, एवढीच आमच्या घरची चित्रं.

बारावीला चांगले गुण पडले. मी चित्रकलेला जाते म्हटलं, तर आत्या म्हणाली, "नर्सिंगला घाला पोरीला. चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" आप्पांनी विचार करून निकाल दिला. "एक वरीस जाऊ दे. वरसाच्या शेवटी मी येऊन बघतो. मग ठरवू."

म्हणजे माझ्याकडं एकच वर्ष होतं.

सरांच्या स्कूटरला प्लास्टिकची जाड नळी बांधलेली असायची. त्यात ते मोठ्या चित्रांच्या छापील प्रती गुंडाळून आणत. एकदा एका इमारतीत कुणाला भेटायला गेले, तर वॉचमनने नळी बघून त्यांना प्लंबर समजून तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. सर गेले. वर्गात आम्हाला सांगितलं, "बघितला नळ. गळून राहिला होता. का गळतो ते कळलं न्हाई, म्हणून चहा पिऊन आलो."

सहल इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडला गेली. आम्ही सगळ्यांनी धबधबा काढला. एका मुलीनं मात्र पाण्यात उतरलेल्या लोकांनी खडकावर काढून ठेवलेल्या चपला काढल्या, जोडीजोडीनं. आम्ही हसलो. तुम्हीही हसला असता. सरांनी त्यातल्या एकाच जोडीतली एक चप्पल हातानं झाकली. "आता काय गेलं?"

आमचं हसू थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "माणूस गेला, सर."

"बघा. माणूस तर तिनं काढलाच न्हाई," सर म्हणाले, आणि वहीवरून हात उचलला.

वर्ष संपत आलं. वार्षिक प्रदर्शनासाठी मी आप्पांचं मोठं चित्र काढलं. यार्डातल्या कार्यक्रमात जुन्या हमालांचा सत्कार झाला होता, त्याचा मोबाईलवर फोटो होता. आप्पा ताठ उभे, समोर बघतात, गळ्यात झेंडूचा हार. मी महिनाभर त्या झेंडूवर खपले. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "लई छान. टांग."

आप्पा आणि माय पहिल्यांदा नांदेडला आले. मायनं चित्र बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "हे काय करून ठेवलंस गं? जित्या माणसाला हार घालून भिंतीला टांगलंस?"

मला तेव्हा दिसलं. आमच्या घरातला आजोबांचा फोटो अगदी तसाच होता.

तेवढ्यात एक पाहुणे आले. चित्रासमोर थांबले, डोळे मिटून हात जोडले, आणि वळतात तर मागं आप्पा उभे. गृहस्थ एवढे दचकले की त्यांनी आप्पांनाही हात जोडले आणि निघून गेले. माझ्या मैत्रिणी हसायला लागल्या. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "सामान बांध. सांजच्या गाडीनं जाऊ."

सर आले. काय झालं ते त्यांना कळेना. मायनं रडत रडत सांगितलं. सर चित्राकडं बघत राहिले.

"मी रोज बघितलं हे चित्र," ते म्हणाले. "आमच्यात फोटोला हार घालत न्हाईत. मला हार दिसला की नवरदेव दिसतो, न्हाईतर हजहून आलेला माणूस. मला ह्यात आप्पांचा मान दिसला. दुसरं काही सुचलंच न्हाई."

मला वाटलं, आता ते माझ्यासाठी रदबदली करतील. पोरगी हुशार आहे वगैरे. तसलं काही बोलले नाहीत. हात लांब करून त्यांनी चित्रातला हार झाकला आणि आप्पांना विचारलं, "आता काय गेलं?"

आप्पांनी बराच वेळ बघितलं. "हार गेला तर नुसता हमाल राहिला, गुरुजी. जल्मात एकदाच घातला कुणी आमच्या गळ्यात. तेवढा ऱ्हाऊ द्या."

"हार तर ठेवायचा. आन् तुम्ही जिते बी दिसायला पायजे. कसं करायचं?"

सर खरंच विचारत होते. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मलाही नव्हतं.

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "सत्कारात हार घातला की आपून काय करतो? लगीच काढून हातात घेतो. मेलेलं माणूस हार काढत नसतंय."

खिळ्यावरून चित्र सरांनी स्वतः उतरवलं आणि खुर्चीला टेकवलं. "बेटा, रंग आण."

प्रदर्शन चालू असतानाच मी काम सुरू केलं. आप्पा टॉवेल हारासारखा हातात धरून उभे. येणारे-जाणारे भोवती थांबायला लागले. माय माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "बोटं जाड काढ. तुझ्या बापाची बोटं काय बामनाची हायत व्हय?"

"माय, खांदा हलवू नको गं."

"मी कुठं हलवून राहिले? तूच नाजूक काढून राहिलीस."

सर बाकावर बसून तिघांकडं बघत होते. संध्याकाळची गाडी निघून गेली. आप्पांनी विचारलं, "दुसरी कवा हाय?" सरांनी वेळ सांगितली आणि तिघांसाठी चहा मागवला. स्टँडवर गाडीत बसताना आप्पा मला म्हणाले, "सुट्टी लागली की ये." सामानाचं नाव त्यांनी काढलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना सर निवृत्त झाले. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या घरी आप्पाही माझ्याबरोबर आले होते. बायका आत होत्या, मी आत गेले. आप्पा अंगणात सरांच्या मुलाशेजारी बसून राहिले, आणि उठताना त्याला एवढंच म्हणाले, "तुमच्या वडलांनी मला इचारलं होतं."

मी पदवी पूर्ण केली. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. आता रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते.