कोऱ्या मतपत्रिकेचा तपास

ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि राहिलं की माझा दिवस खराब जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल लोक विचारतात आणि मीही रंगवून सांगतो. याबद्दल कोणी विचारत नाही, कारण यात कोणी मेलं नाही आणि काही चोरीला गेलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं विधानसभेचं एक मत, एवढाच मुद्देमाल.

गेली विधानसभा निवडणूक ही माझ्या नोकरीतली शेवटची. कसबा पेठेच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो आणि निवृत्तीला पाच महिने राहिले होते. निवडणूक म्हणजे पोलिसांना काय असते, हे बाहेरच्यांना कळत नाही. महिनाभर आधीपासून परवान्याची शस्त्रं जमा करून घ्या, जुन्या गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घ्या, एकाच चौकासाठी आलेल्या दोन पक्षांच्या अर्जांवर तोडगा काढा. रजा बंद. मतदानाच्या दिवशी माझे पाय बुटात मावत नव्हते.

दुपारी बाराच्या सुमारास एका शाळेतल्या केंद्रावरून निरोप आला की एक आजोबा जागचे हलायला तयार नाहीत. मी गेलो. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात मतदार ओळखपत्र. वय शहाऐंशी. केंद्राध्यक्ष त्यांना समजावून थकले होते. मतदार यादीत त्यांच्या नावापुढे टपाली मतपत्रिका दिल्याची खूण होती, म्हणून त्यांना केंद्रावर मत देता येणार नव्हतं.

पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय झाली होती. आधी अर्ज भरायचा, मग पथक घरी येतं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतं, मतदार टपाली म्हणवणाऱ्या त्या मतपत्रिकेवर खूण करून ती पाकिटात बंद करतो. मत कोणाला दिलं ते सोडून बाकी सगळ्याचं चित्रीकरण होतं. आजोबांचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी मत दिलेलं नाही आणि त्यांच्या घरी कोणी आलेलं नाही.

तोवर दारात दोन पक्षांचे कार्यकर्ते जमले होते. मत चोरलं, असा आरडाओरडा सुरू झाला, मोबाइल वर झाले. मी आजोबांना गाडीत बसवून ठाण्यात आणलं आणि त्यांचा जबाब घ्यायला बसलो.

तो जबाब माझ्या लेखनिक हवालदाराच्या कायम लक्षात राहील. आजोबा बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. राज्य झाल्यावर बासष्ट साली विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हापासून एकही चुकली नव्हती, आणि छापखान्यात होते तोवर प्रत्येक निवडणुकीतल्या उमेदवारांची पत्रकं त्यांच्या हाताखालून गेली होती. बासष्ट साली बोटाला शाई लागली ती आईने राखेने घासून पाहिली. नव्वद साली मतदानाचं वय अठरा झालेलं होतं, म्हणून धाकटा मुलगा रांगेत पुढे आणि हे मागे. पंच्याण्णवच्या सुमारास फोटोचं ओळखपत्र आलं. त्यातला आपला फोटो पोलिसांना उपयोगी पडेल असा आहे, असं त्यांनी आम्हाला ऐकवलं. नव्याण्णव साली लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी, मग यंत्र, मग यंत्राशेजारी काचेमागे दिसणारी चिठ्ठी. निवडून आलेल्यांपेक्षा पडलेल्यांची नावं त्यांना जास्त पाठ होती, कारण त्यांचीच पत्रकं छापखान्यात पडून राहायची. लेखनिकाने दोनदा पेन खाली ठेवलं. मी त्याला म्हटलं, लिही.

साक्षीदार ओळखायचा माझा एक ठोकताळा होता. ज्याला बारीकसारीक तपशील न अडखळता सांगता येतो, तो सहसा खरा असतो. आजोबांनी तेरा निवडणुका न अडखळता सांगितल्या होत्या. चौदाव्या वेळी ते खोटं बोलतील, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मग संशय उरला तो एकीवर. त्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई. शिकवून झालं की घरोघरी जाऊन याद्या तपासायच्या, अर्ज गोळा करायचे, पथकासोबत जिने चढायचे. आजोबांच्या सुनेने सांगितलं की अर्ज तिनेच भरून दिला होता. हयातीच्या दाखल्याच्या कागदांत तो ठेवून तिने त्यांची सही घेतली. उन्हात रांग नको, हा हेतू. पथक आलं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ती आणि नवरा दोघंही दिवसा हिंजवडीला कामावर असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बाईंच्या घरी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आहे, त्या एका पक्षासाठी म्हाताऱ्यांची मतं परस्पर उरकतात, असं फोन करणाऱ्याने सांगितलं. आम्ही पंच घेऊन गेलो. गठ्ठा होता. स्वयंपाकघरातल्या फडताळात, डब्यांच्या वर.

बाईंना ठाण्यात बोलावलं आणि महिला अंमलदारासमोर चार तास प्रश्न विचारले. दमदाटी केली नाही, पण तोच प्रश्न सात वेळा फिरवून विचारला. थकलेला पोलीस असंच करतो, त्याला नवीन प्रश्न सुचत नाहीत. बाईंचं उत्तर सातही वेळा तेच होतं. उरलेले अर्ज परत घ्यायला वरच्या कार्यालयात कोणी तयार नव्हतं, म्हणून घरी ठेवले. पथक आजोबांच्या घरी गेलं होतं, त्या स्वतः सोबत होत्या, आजोबांनी पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, चित्रीकरण मागवा ना. ते बघेपर्यंत मी तुम्हाला आणखी काय सांगू?"

चित्रीकरण निवडणूक कार्यालयाच्या ताब्यात, मोहोरबंद. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. मधल्या काळात मतमोजणी होऊन गुलाल उधळून झाला, बाईंना निलंबनाची नोटीस लागली, आणि त्यांच्या शाळेतल्या पालकांनी मुलांच्या वह्या दुसऱ्या बाईंकडून तपासून घ्यायची मागणी केली. हे सगळं माझ्या प्राथमिक अहवालावरून झालं होतं.

सहाव्या दिवशी चित्रीकरण आलं. तिसरा मजला, लहानशी खोली. आजोबा दार उघडतात, पथकातल्या पाच माणसांना पाणी देतात. टेबलावर आडोसा उभा राहतो. आजोबा त्यामागे बसतात, मिनिटभराने घडी केलेला कागद पाकिटात घालतात, डिंक लावून कडा अंगठ्याने नीट दाबतात आणि नोंदवहीत सही करतात. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या दिसतात. दम लागलेला स्पष्ट दिसतो.

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. बिचारे विसरले, असंच मी धरून चाललो. त्यांच्या घरी गेलो. मुलगा घरीच होता. मी मोबाइलवर चित्रीकरण दाखवलं आणि हळू आवाजात, लहान मुलाला समजावतात तसं म्हटलं, "काका, या वयात असं होतं. तुमच्या लक्षात राहिलं नाही."

आजोबांनी मुलाला चहाचं बघायला आत पाठवलं आणि माझ्याकडे वळले.

"अहो, लक्षात न राहायला काय झालं? आपण हळू कशाला बोलताय? मला ऐकूही येतं."

मग त्यांनी सांगितलं. अर्जावर सही कशी झाली ते त्यांना पथक दारात आल्यावर कळलं. नको म्हणायचं होतं. पण पाच माणसं तीन मजले चढून आलेली, बाईंना धाप लागलेली, टेबलावर आडोसाही मांडून झाला. घरी आलेल्या माणसांना हात हलवत परत कसं पाठवायचं? म्हणून ते आडोशामागे बसले, मतपत्रिकेवर काहीही खूण केली नाही, कोराच कागद घडी करून पाकिटात घातला. त्यांचा हिशेब असा की खूण केली नाही म्हणजे मत दिलं नाही, आणि मत दिलं नाही म्हणजे ते अजून आपलं आपल्याकडे आहे. पथकाचा मान राहिला, आपलं मत राहिलं. मतदानाच्या दिवशी सदरा इस्त्री करून ते शाळेत गेले.

"मत द्यायला जायचं असतं," ते म्हणाले. "न्यायला कोणी येत नसतं."

केंद्रावर त्यांना सांगितलं गेलं की तुमचं मत झालं आहे. त्यांनी 'नाही' म्हटलं, आणि त्यांच्या समजुतीने ते खरं होतं. मग विचारलं गेलं, घरी पथक आलं होतं का? मागे रांग, सगळे बघताहेत. हो म्हटलं असतं तर कोरा कागद घातल्याचं सांगावं लागलं असतं. त्यांच्या तोंडून 'नाही' निघून गेलं. आयुष्यातलं ते एकच खोटं, असं मी म्हणणार नाही, कोणाचंच तसं नसतं. पण ते मागे घ्यायला त्यांना जागाच मिळाली नाही. कार्यकर्ते, मोबाइल, पोलिसांची गाडी. बाईंना नोटीस लागल्याचं तर त्यांना माझ्याकडूनच कळलं. ते ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती सारखी करत बसले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. त्या बाईंचा काही दोष नाही. सही करतो."

पोलिसांना खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. तसा जबाब घेतला असता तर शहाऐंशी वर्षांच्या माणसावर मला कागद करावे लागले असते, कोर्टात उभं करावं लागलं असतं. मुलगा दाराआडून ऐकत होता. त्याने जिन्यापर्यंत येऊन माझा हात धरला. साहेब, ते विसरले असं लिहा, मी माझा जबाब देतो. वरिष्ठांना फोन केला, त्यांचंही तेच मत पडलं. शिक्षिका सुटतात, म्हातारा सुटतो, वर्तमानपत्रांचा विषय संपतो. मी परत आत गेलो आणि आजोबांना सांगितलं की आपण विस्मरण लिहू.

ते म्हणाले, "विसरलो नाही मी. खोटं बोललो. दोन्हींत फरक आहे, साहेब."

मी म्हटलं, काका, यात तुमचंच भलं आहे. त्यांनी सही केली नाही. मी मुलाची घेतली. 'वार्धक्यामुळे झालेल्या विस्मरणातून गैरसमज' असं लिहून प्रकरण बंद केलं आणि घरी जाऊन जेवलो. खरं सांगतो, आपण एक भलं काम केलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

बाईंची नोटीस रद्द झाली. आजोबांनी त्यांच्यासाठी माफीची चिठ्ठी माझ्याकडे दिली होती, ती घेऊन मी शाळेत गेलो. बाईंनी ती वाचली, परत घडी केली आणि म्हणाल्या, "यांचं ठीक आहे. तुमची कधी येणार?" मी तिथल्या तिथे माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि वर्गावर निघून गेल्या.

पाच महिन्यांनी मी निवृत्त झालो. पुढे महापालिकेची निवडणूक लागली. मत देऊन बाहेर पडताना आजोबांची आठवण आली. घर जवळच होतं, म्हणून तीन मजले चढून गेलो.

सुनेने दार उघडलं. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. बोटावर शाई नव्हती. मी विचारलं तर सून म्हणाली, त्यांना आता एकट्याने खाली सोडत नाही. चहाही करू देत नाही, गॅस उघडा राहिला तर? संध्याकाळी वाचनालयात जायचे, ते बंद केलं. डॉक्टरांना पोलिसांचा कागद दाखवला, त्यांनी विसरण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दुपारभर डोळ्यांवर झापड असते. ती वाईट बाई नव्हती. तिने गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, मतदान साडेपाचपर्यंत आहे, मी रिक्षाने नेऊन आणतो. तिने नवऱ्याला फोन लावून दिला. तो अदबीने बोलला. "साहेब, त्यांच्या काही लक्षात राहत नाही. उद्या कोणी पुन्हा काही वाद काढला तर? आणि हे तुम्हीच तर लिहून दिलंत." मी फोन परत दिला.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "या, बसा. आपण कोण ते मला आठवतं. पण घरात सांगू नका, कोणाचा विश्वास बसणार नाही."

मी बसलो.  त्यांनी विचारलं, "आपल्या त्या कागदात दुरुस्ती करता येते का?"

येत नाही, म्हणालो. अहवाल मंजूर होऊन दप्तरात गेला होता आणि मी नोकरीत राहिलो नव्हतो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. खाली लोक शाळेकडे चालले होते.

आरोपीला वाचवायचं म्हणून पोलिसाने कागद सौम्य करावा, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. या माणसाने वाचवा म्हटलेलं नव्हतं. त्याने खरं लिहायला सांगितलं होतं, आणि शिक्षा झालीच असती तर ती सहज भोगली असती. मी दमलो होतो, मला फाइल बंद करायची होती, आणि त्याला मी दया म्हटलं. शिक्षेला मुदत तरी असते. मी लिहिलेल्या 'विस्मरण' या शब्दाला ती नाही.

लिहून दुरुस्ती करण्यासारखी आता ही एकच जागा माझ्याकडे उरली आहे. त्यांचं नाव इथे देता येत नाही, म्हणजे या दुरुस्तीचाही त्यांना उपयोग नाही. तरी नोंद असावी. ते विसरले नव्हते.