बाबा युनियनचे

परवा दिंडोशीच्या कोर्टात शिपाई एका पाकिटावर लाखेचं सील मारत होता. त्या जळक्या, गोडसर वासानं मला थेट आमच्या मुलुंडच्या घरात नेऊन सोडलं. बाबा पोस्टमन होते, युनियनचे सेक्रेटरीही होते, आणि त्यांच्या खाकी शर्टाला तोच वास यायचा. मी पाचवीत होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी नाचणार होते आणि बाबा पहिल्या रांगेत बसणार होते. पण त्याच सकाळी घाटकोपरहून एक बाई आली, सोबत माझ्याच वयाची मुलगी. तिचा पोस्टमन नवरा वारला होता आणि फॅमिली पेन्शन वर्षभर अडकली होती. मोठे साहेब आजच भेटणार होते. "पुढच्या वर्षी नक्की येतो गं," म्हणत बाबांनी चपला घातल्या. मी नाचले, पण सगळा वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. संध्याकाळी तिघं हसत परतले. पेन्शन मंजूर झाली होती आणि ती मुलगी बाबांचं बोट धरून चालत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सोड ना! माझे बाबा आहेत ते," मी ओरडले. "माहितीये मला," ती हळूच म्हणाली आणि तिनं बोट सोडलं. बाबांनी ते पुन्हा तिच्या हातात दिलं. आज ती पोस्टातच आहे, युनियनचं काम करते आणि रिटायर झालेल्या बाबांना फोन करून सल्ला विचारते. तिचा फोन आला की बाबा खुर्चीत ताठ बसतात. मला सगळं कळतं, तरी माझ्या पोटात दुखायचं काही थांबत नाही.