हात न लावता

ऑफिसात तिला सगळे उतारताई म्हणत. परग्रहांवरून चेंडू घरंगळत न्यायचा, असा एक व्हिडिओ गेम तिथे तयार होत होता, आणि त्यातले कडे, घळी, झुलत्या फळ्या रचायचं काम तिच्याकडे होतं. कुठल्या ग्रहावर चेंडू दगडासारखा जड होईल, कुठे पिसासारखा तरंगेल, सगळं तीच ठरवी. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, तेव्हाही बाकाच्या कलत्या फळीवर पेन्सिल सोडून ती बघत बसायची. पडायच्या आत झेलायची, पण वाटेत अडवायची नाही.

मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांचा नियम एकच होता. ज्याने जग रचलं, त्याने सगळ्यांसमोर स्वतः चेंडू शेवटपर्यंत न्यायचा. नाही जमलं, तर ते जग बाद.

मग तिचा उजवा अंगठा थरथरायला लागला. थरथर वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याला ते आधीच कळलं होतं, चहा पिताना बशी वाजायची त्यावरून. तिने बशी घेणंच सोडून दिलं.

"ऑफिसात सांगून टाक ना," तो म्हणाला.

"सांगितलं की फोन घ्यायला बसवतील. मग माझे डोंगर कोण रचणार, तू?"

तिच्या जगांतल्या वाटा रुंद होत गेल्या, उतार मवाळ झाले. शेजारच्या टेबलावरचा चित्रकार एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताईंच्या ग्रहावर चेंडू कशाला? गाढव सोडलं तरी पोचेल!" सगळे हसले, तीही हसली. दादा मात्र हसले नाहीत.

"ताई, हल्ली तुमची जगं पेंगतात. या गेममधलं शेवटचं जग तरी जागं असू द्या. नाहीतर ते दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

ते जग तिने घरी बसून रचलं. चेंडूएवढीच रुंद कड, एका बाजूने वारा, दुसरीकडे तळ न दिसणारी दरी. अंगठ्याची थरथर हातातल्या कंट्रोलरमधून चेंडूत उतरे आणि चेंडू दरीत जाई. पुन्हा सुरुवात, पुन्हा दरी. शेवटी नवरा वैतागला.

"ठेव तो कंट्रोलर खाली! तुझ्यावाचून काय अडलंय त्या चेंडूचं?"

तिने रागाने कंट्रोलर आपटला. पडद्यावरचा चेंडू मात्र उताराने आपला आपण कडेवरून घरंगळू लागला. पहिल्या वळणावर पडला, पण तिथपर्यंत गेला. ती बराच वेळ त्या वळणाकडे बघत राहिली. मग एकेक वळण मोडून तिने नव्याने रचलं.

दाखवायच्या दिवशी सगळे जमले. तिने एक बटण दाबलं, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चेंडू निघाला. वाऱ्याने ढकलला की कड त्याला सावरी, कड संपली की फळी झेली. तो शेवटपर्यंत गेला.

चित्रकाराने करून पाहिलं. जरा वळवला की चेंडू दरीत. "हात लावायचाच नाही! अहो, कोण सोडवणार हे? सगळे हात लावूनच मरणार!" त्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

दादा तिच्या मांडीकडे बघत होते. डाव्या हाताने तिने उजवा घट्ट धरला होता.

सगळे पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"वाटा रुंद झाल्या, तेव्हापासून."

"पुढच्या गेमलाही असंच काहीतरी..."

"ही युक्ती एकदाच चालते, दादा."

त्यांनी कंट्रोलरची वायर गुंडाळली, उगाचच, नीट. शेवटचं जग हेच राहील, एवढं म्हणाले. उद्यापासून तिने कुठे बसायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घरी नवऱ्याने चहा पुढे केला. नेहमीसारखा अर्धाच कप.

"पोचला?"

"पोचला." ती खुर्चीत टेकली. "बशी दे."

"अगं, वाजेल."

"वाजू दे आता."