पोटावरची काळी पट्टी

बारा वर्षं एमआरआयच्या मशीनवर काढली की ड्रॉवरमध्ये दोन गोष्टी साठतात: बायकांनी आत जाताना काढून ठेवलेल्या सेफ्टी पिना, आणि किस्से. पिना न्यायला कुणी परत येत नाही. किस्से तर माझ्याच गळ्यात!

*

आमचं सेंटर पिंपरीत. पेशंटचा फॉर्म मीच भरून घेते. एकदा एक नवी सून आली, सोबत सासूबाई.

"किती वर्षं दुखतंय पोटात?" मी सुनेला विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "हिला कुठं काय दुखतंय! पाळीच्या चार दिवसांचं कौतुक नुसतं."

सुनेनं ओढणीआडून मला बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार. मी फॉर्मवर 'नऊ वर्षं' लिहिलं.

*

पुनावळ्याच्या एक मावशी, पंचेचाळिशीच्या. पाळीत पोट धरून बसायच्या. म्हटलं, एवढी वर्षं दाखवलं का नाही?

"लगीन झालं की थांबंल, म्हनले. मग पोर झालं की थांबंल, म्हनले. आता घरात सून आली, तरी हाय तसंच हाय!"

अख्खी वेटिंग रूम हसली. मीही हसले. आता आठवलं की लाज वाटते.

*

चाकणच्या कंपन्यांतल्या मुलींचं तर ठरलेलंच असतं. "मॅडम, कागदावर कंबर लिहा हां. पाळीचं लिहिलं की सुपरवायझर दात काढतो."

मग त्या डॉक्टरांनाही कंबरच सांगतात. डॉक्टर मणक्याचा एमआरआय लिहून देतात. आणि मणक्याचा फोटो काढताना आम्ही काय करतो? पोटावर काळी पट्टी टाकतो! म्हणजे स्क्रीनवर पुढचा भाग काळा करून टाकतो, कारण आतडी हलली की फोटो बिघडतो. दुखणं पोटात, आणि पोट आम्हीच झाकलेलं. घ्या!

*

माझी धाकटी बहीण रेखा. तीही चाकणला, वायरिंगच्या लाइनवर, आठ तास उभी. दर महिन्याला दोन दिवस खाडा. तिनंही सांगितलं, कंबर.

चार वर्षांपूर्वी मीच तिला मशीनमध्ये घातली. पट्टी इतकी नीट टाकली की आमच्या डॉक्टरांनी शाबासकी दिली. रिपोर्ट नॉर्मल!

"रेखे, मणका ठणठणीत आहे. आता नाटकं बंद," मी म्हटलं. वर शहाणपणा करून तिच्या सासूलाही फोन केला. "काही नाही हो तिला," म्हणून सांगितलं. जीभ झडायला हवी होती माझी.

त्यानंतर तिनं ब्र काढला नाही. गोळ्या खाऊन शिफ्ट केली. मूल होईना, तेव्हा कुठं स्त्रीरोगाच्या मॅडमनी ओटीपोटाचा एमआरआय लिहून दिला.

या वेळी पट्टी नव्हती. दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी, आणि गर्भाशय मागं आतड्याला चिकटलेलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं आणि मिळेल तिथं चिकटत जातं. मी स्क्रीनसमोर बसून होते, काचेपलीकडे रेखा.

मॅडमनी फोटो बघत ऑपरेशन ठरवलं. "आतड्याचे सर्जनही सोबत लागतील. डावं अंडाशय वाचेल का, सांगता येत नाही. चार वर्षं आधी आली असती तर..." आधी आली होती हो! मीच परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी रेखा रिपोर्ट न्यायला आली. सोबत सासू, हातात पेढ्यांचा बॉक्स!

मी ओरडलेच, "अगं, वेड लागलं का? रिपोर्ट काय आलाय कळलंय का तुला?"

"कळलंय."

तिनं पहिला पेढा सासूच्या हातावर ठेवला. दुसरा माझ्या.

"घे ताई. मी नाटकं करत नव्हते."